पहिली सायकल शर्यत आणि सायकलीचे पार्ट्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास खडकवासल्याच्या चौपाटीवर टपऱ्यांना सायकली टेकवलेल्या दिसतात. सिंहगड करून आलेली मंडळी एकमेकांच्या सायकली दोन बोटांनी उचलून वजनाचा अंदाज घेतात, चहा सांगतात आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. मी वयोगटाच्या शर्यतींत उतरतो. व्यासपीठावर एकदाच चढलोय, तेही तिसरा. बाकीचा बराच वेळ इतरांच्या चेन आणि ब्रेक जुळवण्यात गेला. खालची उत्तरं त्यातूनच आली आहेत, आणि ती घाटाच्या, खड्ड्यांच्या, गतिरोधकांच्या आपल्या रस्त्यांसाठी आहेत.

शर्यतीत उतरायला कार्बनची सायकल लागतेच का?

नाही. नऊ-साडेनऊ किलोची अॅल्युमिनियमची रोड सायकल पहिली दोन-तीन वर्षं पुरते.

हिशोब करून बघा. तुमचं वजन ७५ किलो, सायकल ९ किलो, म्हणजे ८४ किलो. चांगल्या चढावर जवळपास सगळी ताकद हे वजन वर उचलण्यातच जाते, त्यामुळे वेळही साधारण वजनाच्या प्रमाणात बदलतो. सिंहगडाला तुम्हाला एक तास लागत असेल, तर एक किलोने हलकी सायकल तुम्हाला चाळीसेक सेकंद देईल. त्या एका किलोसाठी पगार संपतो. मजा अशी की हलकं फ्रेम घेणारे हेच लोक पाऊण लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन गड चढतात, आणि दीड लिटर पाण्याचं वजन दीड किलो भरतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमाने शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. तो नियम आपल्याला लागू व्हायची वेळ आली, तर मी चौपाटीवर सगळ्यांना भजी देईन.

माझ्याकडे हायब्रिड आहे. चालेल?

बऱ्याच खुल्या शर्यतींत हायब्रिड आणि एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलींचा वेगळा गट असतो. तालुक्याच्या गावी, जत्रेच्या किंवा जयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या शर्यतींत तर बिनगिअरच्या साध्या सायकलींचाही गट असतो. त्या गटातली पोरं सपाटीवर ज्या वेगाने जातात ते एकदा बघाच, म्हणजे पार्ट्सबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतील. फक्त रोड सायकलींच्या गटात हायब्रिड घेऊन उतरू नका. सरळ हँडलमुळे तुम्ही वाऱ्याला छाती देऊन बसता, आणि ताशी ३५ च्या पुढे खरी लढाई वाऱ्याशीच असते.

क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ : ग्रुपसेट कोणता घ्यावा?

ग्रुपसेट म्हणजे गिअर-ब्रेकचा पूर्ण संच. शिमानो कंपनीच्या या उतरंडीत मुख्य फरक मागच्या चक्रांच्या संख्येचा. क्लॅरिसला आठ, सोराला नऊ, टियाग्राला दहा, १०५ ला पिढीप्रमाणे अकरा किंवा बारा. जास्त चक्रं म्हणजे जास्त वेग नव्हे. दोन गिअरमधली उडी लहान होते, एवढंच. घोळक्यात वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने वरखाली होतो, तेव्हा ही लहान उडी पायांना आवडते. सोरावरही शर्यत मजेत होते. सेकंडहँड मिळालीच तर अकरा स्पीडची, म्हणजे मागे अकरा चक्रांची १०५ घ्या, कारण रस्त्यात चाक वाकलं तर मित्राकडे जुळणारं चाक सापडण्याची शक्यता जास्त.

इलेक्ट्रॉनिक गिअर उत्तम असतात. चार्जिंग करायला विसरेपर्यंत.

घाटात गुडघे दुखतात. गिअर बदलू का?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोड सायकलीच्या चाकाचा घेर साधारण २.१३ मीटर. पुढच्या चक्राला ३४ दात, मागच्या चक्राला ३४ दात असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच, २.१३ मीटर पुढे जाते. मागे २८ असले तर २.५९ मीटर. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे फार तर २५ असायचे, तिथे ३.३२ मीटर. आता बोपदेवच्या किंवा सिंहगडाच्या तिखट चढावर आपल्यासारखा माणूस ताशी नऊ किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर चढतो असं धरा. पहिल्या जोडीवर तो मिनिटाला सत्तर फेरे मारेल. दुसऱ्यावर ५८. तिसऱ्यावर ४५, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पाय अक्षरशः दाबून काढायचा. ताकद तिन्ही वेळा तेवढीच लागली, पण ४५ फेऱ्यांवर प्रत्येक दाबाचा भार गुडघ्यावर आणि मांडीवर दीडपटीहून जास्त आला.

म्हणून पुढे ५०/३४ दातांची दोन चक्रं आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ दातांची कॅसेट, म्हणजे चक्रांचा गठ्ठा, लावा. ‘एवढं मोठं कॅसेट म्हणजे बाईकवर आजोबांचा गिअर’ असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या, तो वळणावर उभा राहून दम खात असताना तुम्ही बसल्या बसल्या पुढे जाल. कॅसेट घेण्याआधी मागच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन चक्रांवरून सरकवणाऱ्या भागाला, जास्तीत जास्त किती दातांचं चक्र चालतं ते बघा. आखूड केजच्या (चेन ताणून धरणाऱ्या दांडीच्या) डिरेल्युअरला ३४ झेपत नाही, लांब केजचा लागतो. शिवाय चेनही दोन-चार कड्यांनी लांब घ्यावी लागते. जुनी चेन तशीच ठेवून कुणी पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर गिअर टाकला, तर डिरेल्युअर ताणून हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा तुकडा, मोडतो.

चेन कधी बदलायची?

ती तुटण्याची वाट बघू नका. चेनच्या एका कडीची लांबी अर्धा इंच. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर शून्य धरून लावा. चोविसावी पिन बाराच्या रेघेच्या पुढे सरकली असेल, तर चेन झिजली आहे. एक षोडशांश इंच सरकली म्हणजे अर्धा टक्का झीज, अकरा-बारा स्पीडला तिथेच बदलायची. आठ-नऊ स्पीडला अजून थोडी चालते. चेन-चेकर नावाचं स्वस्त हत्यारही मिळतं, ते कड्यांत घातलं की लगेच कळतं.

वेळेवर चेन बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. नाही बदलली तर काय होतं ते मी माझ्याच खर्चाने शिकलो. एका शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी नवीन कॅसेट बसवून घेतली. दुकानदाराने चेनकडे पाहिलं नाही आणि मीही म्हटलं नाही. रात्री उशीर झालेला, दोघांनाही घरी जायचं होतं. सकाळी सपाटीवर सगळं ठीक. चढ लागला, उभा राहिलो, जोर दिला, आणि ताणलेली जुनी चेन नव्या दातांवरून सटकली. खट्, खट्, खट्. दर दोन फेऱ्यांना पाय हवेत. मागून येणारा ओरडला, “अरे सरळ चालव की!” पुढचे अकरा किलोमीटर मी खाली बसून, हलक्या पायाने, शेवटच्या घोळक्याच्याही मागून काढले. तेव्हापासूनचा नियम : नवीन कॅसेट आली की चेनही नवीन, आणि शर्यतीच्या आधीच्या तीन दिवसांत सायकलीवर काहीही नवीन नाही.

तेल थोडं घाला आणि पुसून घ्या. चेनवर बाहेरून दिसणारं तेल फक्त धूळ गोळा करतं. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. पावसात भिजलेली चेन रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी तिला तांबूस रंग आलेला असतो. घरी आलात की आधी ती पुसा, मग अंघोळ.

हवा किती भरायची? मित्र म्हणतो १२० पीएसआय.

मित्राचं टायर २३ मिलिमीटरचं असेल आणि रस्ता आरशासारखा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायचा आकडा नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ७०-७५ पीएसआय आणि पुढे पाच कमी, एवढं पुरतं. आपल्या रस्त्यांवर फार टणक टायर प्रत्येक खडीवर उडतं, आणि उडण्यात वेग वाया जातो. हुकलेस रिम (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. तिथे हट्ट नको, टायर रिमवरून निघू शकतं.

खर्च करायचाच असेल तर पहिला टायरवर करा. सायकलीबरोबर आलेली जाड, तारेची टायरं काढून चांगली मऊ टायरं बसवली, की फरक त्याच दिवशी कळतो, आणि उतारावरच्या ओल्या वळणावर तर फारच कळतो. ट्यूबमध्ये साधी ब्युटिल रबरची शंभर-सव्वाशे ग्रॅमची, टीपीयू या पातळ प्लास्टिकची तीस-चाळीसची. शर्यतीला टीपीयू छान, पण पंक्चर काढायला त्याचा वेगळा पॅच लागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांचं सोल्युशन त्याला चिकटत नाही.

डीप रिमची (उंच कडेची) चाकं?

नंतर. आवाज भारी येतो हे खरं, आणि सपाटीवर एकट्याने वेगात जाताना फायदाही होतो. पण रिम ब्रेकच्या कार्बन चाकांवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर रिम तापून खराब होते. सातारा रस्त्यावर किंवा मावळात आडवा वारा सुटला की पुढचं ५० मिलिमीटरचं चाक हँडल हातातून खेचतं. आधी आहेत त्या चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, बेरिंगला ग्रीस करा. हे पाच-सहाशे रुपयांत होतं.

क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट वापरले तर सिग्नलला पडेन का?

हो. एकदा नक्की. सगळे पडतात, आणि नेमकं बसस्टॉपसमोर. म्हणून आधी भिंतीला धरून पन्नास वेळा पाय काढा-घाला. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्यात पाय सगळ्यात जास्त, सहा अंश हलतो, निळ्यात दोन, लालमध्ये अजिबात नाही. सुरुवात पिवळ्याने करा. लाल क्लीट ‘प्रो’ वाटतात म्हणून घेतलेल्या दोघांना मी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना पाहिलं आहे.

सीटची उंची कशी ठरवायची? आणि तिथे दुखतं, त्याचं काय?

अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांत सीटसारखं घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. तो आकडा गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माप ८० सेंटिमीटर आलं तर उंची साधारण ७०.६. हा सुरुवातीचा आकडा. पुढे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट किंचित वर, मागच्या बाजूला दुखलं तर किंचित खाली, एका वेळी तीन-चार मिलिमीटर.

आणि दुसरा प्रश्न, जो नेहमी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारला जातो : पॅडच्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. बरं, मऊ-मऊ जेलचं कव्हरही काढून टाका. सीट मऊ नको, तुमच्या हाडांच्या रुंदीची हवी.

पहिली शर्यत कोणती निवडू?

घराजवळची, तीस ते पन्नास किलोमीटरची, वयोगट असलेली. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची टाइम ट्रायल किंवा घाट चढण्याची शर्यत सगळ्यात सुरक्षित, कारण तिथे घोळका नसतो. संघटनेच्या वाटेने जायचं असेल, तर जिल्हा निवड चाचणी, मग राज्य, मग सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा असा क्रम आहे, आणि तिथे वयाचा दाखला लागतो. घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना गोडी असेल तर त्यांना हीच वाट दाखवा, खुल्या शर्यतींत मोठ्यांच्या घोळक्यात ढकलू नका.

मुंबई-पुणे शर्यतीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिच्यात बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ते स्वप्न ठेवा, पण तिथे रेल्वे आणि सैन्यदलाची पोरं असतात, ज्यांची नोकरीच सायकल चालवणं आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरनंतर तर मला विचारणा झाली, “पुढच्या वर्षी फॉर्म कुठे मिळेल?” ती यूसीआयची २.२ दर्जाची, म्हणजे अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत आहे. तिथे संघ येतात, फॉर्म भरून आपण नाही. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं, आणि घोळका एका झटक्यात वळणातून कसा जातो ते लक्षात ठेवायचं.

बीआरएम केल्या आहेत. म्हणजे शर्यतीची तयारी झाली ना?

दमसासाची झाली. पण बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायची राइड, ही शर्यतच नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास, वेळेत आलात की झालं, क्रमांक नसतो. मोठ्या पल्ल्याची गोडी असेल तर ती वेगळी आणि सुंदर वाट आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ संघ म्हणून पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. पण पन्नास किलोमीटरच्या रोड शर्यतीत दर पाच मिनिटांनी कुणीतरी जोर काढतं, आणि त्या दहा-वीस सेकंदांत तुम्ही पुढच्याचं चाक सोडलंत की मागे पडलात. तीनशे किलोमीटर एका लयीत चालवलेले पाय या धक्क्यांना सरावलेले नसतात.

घोळक्यात चालवायची भीती वाटते.

वाटायलाच हवी. पुढच्याच्या आडोशाने जाताना ताकद खूप वाचते, सपाटीवर चांगली पाव ते तिसरा हिस्सा, म्हणून सगळे एकमेकांना चिकटून जातात. पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच : तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला अर्धं शिरलेलं असतं, तो खड्डा चुकवायला हातभर सरकतो आणि तुमच्या चाकाला घासतो. पडतो तो मागचा. त्यामुळे चाकामागे चाक, किंवा थोडं बाजूला पण मागेच. नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या खांद्यावरून पलीकडे.

चार मित्रांबरोबर पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव करा. आधी एक मीटर अंतर, मग अर्धा. खड्डा आला की बोटाने दाखवा आणि ओरडा. पुढे असताना अचानक पॅडल थांबवू नका, आणि उभं राहताना सायकल मागे झटकू नका. पहिल्यांदा उभे राहणारे ती हमखास वीतभर मागे ढकलतात. रस्ता वाहतुकीला बंद नसेल, तर मधली पट्टी ओलांडायची नाही. पंचांनी बाद केलं तर वाद घालू नका, समोरून एसटी येत असते.

आठवड्याला सहा-सात तासच मिळतात. सराव कसा करू?

पुरतात. एक दिवस जोराचा : आठ मिनिटं बोलता येणार नाही इतका जोर, चार मिनिटं आराम, असं चार वेळा. कात्रजचा जुना घाट यासाठी देवाने बनवलाय. एक दिवस लांब, तीन तास, गप्पा मारता येतील अशा वेगाने. उरलेले दोन दिवस तासभर, मुद्दाम हळू. आपल्या लोकांची चूक इथेच होते. रोजच अर्धवट जोरात जातात, मग जोराच्या दिवशी पाय नसतात. पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर असला तर चांगलंच, नसला तर छातीचा हार्टरेट पट्टा त्याच्या कितीतरी स्वस्तात काम भागवतो.

शर्यतीत काय खायचं?

दीड तासाच्या आत संपणारी असेल तर नाश्ता नीट करा, तीन तास आधी, पोहे किंवा भाकरीसोबत गूळ, जे रोजचं असेल ते. त्याहून लांब असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. राजगिऱ्याची वडी खिशात चांगली राहते, पण वेगात असताना तिचे कण घशात अडकतात. शेंगदाण्याच्या चिक्कीचंही तेच. मी खजुराच्या बिया काढून, हातानेच वळून छोटे गोळे करतो, ते तोंडात विरघळतात. ओआरएसची २१ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतली तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. मीठ घातलेलं कोकम सरबत उन्हाळ्यात मला त्याहून आवडतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा एनर्जी जेल खाऊन बघणाऱ्यांच्या गोष्टी इथे सांगण्यासारख्या नाहीत.

बसच्या डिकीतून सायकल नेताना काय काळजी घ्यायची?

चेनची बाजू वर. सायकल आडवी टाकताना डिरेल्युअर खाली आला, वरून कुणाची गोणी पडली, की हँगर वाकतो आणि सकाळी मोठ्या चक्रावर गिअर टाकताच डिरेल्युअर आऱ्यांत जातो. तुमच्या फ्रेमचा हँगर कोणत्या आकाराचा आहे ते बघून एक जास्तीचा सोबत ठेवा, तो दुसऱ्या सायकलीचा चालत नाही. पोचलात की पुढचं चाक, सीटपोस्ट आणि हँडल घट्ट आहे ना ते बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला.

नंबर कुठे लावायचा?

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बहुधा कमरेजवळ, पंच ज्या बाजूला बसणार त्या बाजूला. चार पिना दिल्या असतील तर घरून आणखी चार आणा. मोकळा फडफडणारा कागद ताशी चाळीसला पालासारखा फुगतो. आणि जर्सी अंगात घालून नंबर लावू नका. सायकलवर वाकल्यावर पाठ लांब होते, कागद ताणला जातो आणि पहिल्याच वळणावर पिन टोचते. कुणाला तरी वाकून उभं राहायला सांगा, किंवा जर्सी उशीवर चढवून लावा.

आणि हो, मागच्या खिशाचं तोंड पिनने शिवून टाकू नका. खजूर त्यातच असतात.